अकरावं पान

कुताइसीत, रिओनीच्या काठी, एका चांभाराच्या दुकानावर
आमची खोली. दोन टेबलं, एक हीटर, बाद्री आणि मी.
ज्यांनी उभ्या जन्मात चार ओळी लिहिल्या नाहीत
त्यांच्यासाठी आम्ही लिहिण्याचं सॉफ्टवेअर केलं :
एक कोरं पान, ठळक अक्षरं,
आणि एकच बटण, 'ठेव'.

करायला सात महिने लागले.
भांडायला आठ.
काय द्यायचं असंच, आणि कुलूप लावायचं कशाला?

फुकट म्हटलं की लोक नाक मुरडतात,
मोफत म्हटलं की रांग लावतात,
विनामूल्य म्हटलं की कागद उलटून बघतात
मागे बारीक अक्षरात काय दडवलंय ते.
बाद्रीची आई बाजारात आंबट आलुबुखार विकते,
किलोवर मूठभर वरताळा घालते, न मागता.
मूठ केवढी धरायची, मी तिला विचारून आले.
ती म्हणाली, गिऱ्हाईक बघून.

याचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

शेवटी ठरलं : दहा पानं अशीच.
अकराव्यापासून महिना बारा लारी.
रंग, छपाई, पुसलेलं परत आणणं,
तेही त्या बारातच.
खोलीचं भाडं चारशे होतं.
हे खरं तर मी आधी सांगायला हवं होतं.

लोकांची पानं आम्ही वाचत नाही. आकडे दिसतात नुसते.
त्स्काल्तुबोहून कुणीतरी, दर गुरुवारी
एक पान कमी, एक पान जास्त,
बेरीज कायम दहा.
कंजूष बाई दिसते, बाद्री म्हणाला.
नेटकी असेल, मी म्हणाले.
बाई आहे हे दोघांनाही कुठून कळलं, कोण जाणे.

मार्चमध्ये तिचं पत्र आलं, मदतीच्या चौकोनातून,
एका दमात, कुठे टिंब नाही :

मी लामारा स्नानगृहात सहा नंबरच्या हौदाशी
एकतीस वर्षं टॉवेल दिले आता गुडघे गेले
नातवाने हे बसवून दिलं
अकराव्या पानाला तुम्ही पैसे मागता ते बरोबर धंदा आहे
मला एवढंच विचारायचं
बाकीचे लोक कुठलं पान काढतात
मी आधी नवऱ्याचा राग काढला
मग पाण्याचा वास मग ती साहेबाची बायको जिने साबण चोरला
आता उरलेल्यात बहिणीचं एक आहे आईची दोन
आणि उद्या गुरुवार आहे

बाद्रीने हीटर बंद केला. पुन्हा लावला.
पुसलेलं पान आमच्याकडे नव्वद दिवस पडून असतं,
तिला हे ठाऊक नव्हतं.
ते काढून द्यायला एक कळ,
कळ दाबायला बारा लारी.
मी म्हणाले, एकीला दिलं तर आठशे जणांना का नाही?
हिशेब मांडूनही दाखवला, पाकिटाच्या पाठीवर.
तो म्हणाला, गिऱ्हाईक बघून.

आणि रात्री, न वाचता,
नव्वद दिवसांत मावत होती तेवढी बारा पानं
त्याने जागच्या जागी ठेवली.
दहाचं कुलूप तिच्यापुरतं काढलं.

पुढच्या गुरुवारी उत्तर :

सगळी परत आली मी बोलावली नव्हती
त्या साबणचोर बाईला तर फार कष्टाने घालवलं होतं
आता आलीच आहेत तर बसू देत
पण फुकट बसवून घ्यायची मला सवय नाही
आमच्याकडे टॉवेलाचेही पैसे पडायचे
नातू आला की बारा लारी पाठवते
नवरा तेवढा आला नाही
त्याचे वेगळे पडतात का